फॉरमॅट मारण्याआधी

रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतोय. आजचा विषय आहे घरातला जुना डेस्कटॉप आणि त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणं. बाजारात ज्याला 'फॉरमॅट मारून विंडोज टाकणं' म्हणतात, तेच. जुना म्हणजे साधारण २००८ ते २०१४ या काळात घेतलेला. कोअर टू ड्युओ किंवा पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. असा डबा आमच्या गल्लीत घरोघरी आहे. कुणी त्याच्यावर दुकानाचा हिशेब करतं, कुणी तिकिटं काढतं, कुणाकडे तो कापडी कव्हर घालून नुसताच कोपऱ्यात बसलाय.

आत्ताच हा विषय का, तर १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ७चा तर १४ जानेवारी २०२०लाच संपला होता. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, हे आधी सांगतो, कारण त्या सुमारास आमच्याकडे दोघातिघांनी चांगले चालते संगणक भंगारवाल्याला देऊन टाकले. थांबतात ती सुरक्षेची अपडेट्स. म्हणजे घराच्या भिंतीला नवं भोक पडलं तर बुजवायला गवंडी येणार नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरला, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांचे संगणक अडकले, आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणकही सापडले. त्या भोकावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी घेतलं नाही, ते सापडले. तेव्हा पेन्शनचं 'स्पर्श' असो की बँकेचं खातं, सपोर्ट संपलेल्या मशीनवर ते उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुद्द्याकडे. मी फौजेत होतो. फौजेत एकाची बदली झाली की तो पुढच्याला चार्ज देतो. लेजर उघडतात, एकेक वस्तू हात लावून मोजतात, मग सही. 'सब ठीक है साहब, साइन कर दीजिए' असं कुणी म्हटलं की त्याच क्षणी सावध व्हायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षातच शिकवलं जातं. संगणकावर नवी सिस्टिम टाकणं हा असाच चार्ज देण्याचा प्रकार आहे. टाकण्याचं काम पाऊण तासाचं. त्याच्या आधीची मोजदाद एक-दोन दिवस खाते. मी आज बोलणार आहे ते बरंचसं या मोजदादीबद्दल, कारण बाजारातला मुलगा पाऊण तासाचे पैसे घेतो, आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: सी ड्राइव्हमध्ये विंडोज असतं, डी ड्राइव्हमध्ये आपला माल असतो, म्हणून सी उडवला तरी काही जात नाही. पण तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलेला फोल्डर कुठे असतो? सी मध्ये. माय डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स? तेही सी मध्ये, 'यूजर्स' नावाच्या फोल्डरात तुमच्या नावाखाली. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सी मध्ये. आउटलुकमधली जुनी टपाल बहुतेक वेळा सी मध्ये. टॅलीचा 'डेटा' फोल्डर ज्याने टॅली बसवलं त्याने कुठे ठेवला, ते टॅली उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि फॉन्ट. फॉन्ट सगळे सी मध्ये, विंडोजच्या पोटात. फॉन्टची गोष्ट मराठी माणसासाठी इतकी महत्त्वाची आहे की त्यावर मी थोडा थांबणार आहे.

आमच्या गल्लीत एक वहिनी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ते संगणकावर मराठीत टाइप करत बसायचे. इथली मराठी घरं भोसल्यांच्या काळापासूनची. १९५६पर्यंत तर आमची राजधानीच नागपूर होती. तर पुरानी बस्ती, तात्यापारा, बुढापारा या भागात कोणतं कुटुंब कुठून आलं, कोणाचं घर कुठे होतं, मंगळागौरीला कोणत्या घरी कोणती गाणी म्हणत, कोणत्या गाण्यात छत्तीसगढी शब्द शिरलाय, असं सगळं दादांनी विचारून विचारून उतरवलं होतं. छापलं कुठेच नाही. दादांना जाऊन चार वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात तो संगणक विंडोज ७च्या चिन्हावर येऊन थांबायला लागला. नातू पुण्याला. त्याने फोनवर सांगितलं, 'आजी, फॉरमॅट करून घे, मग आपण व्हिडिओ कॉल करू.' दुकानातला मुलगा येऊन बघून गेला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. 'आंटी, डी ड्राइव्ह को हाथ नहीं लगाएँगे, आप टेन्शन मत लो.' संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, 'भाऊजी, ह्यांचं लिहिलेलं राहील ना हो त्यात? तो राहील म्हणाला, पण त्याला काय लिहिलंय ते कुठे ठाऊक आहे?'

मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. विंडोज चालू होत नसलं तरी आतल्या फायली काढता येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. लिनक्स मिंट नावाची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ती पेन ड्राइव्हवर घेतली की हार्ड डिस्कला न छेडता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालते. त्यातून जुनी डिस्क उघडायची आणि दुसऱ्या डिस्कवर माल उतरवून घ्यायचा. दादांचा फोल्डर डेस्कटॉपवरच होता. म्हणजे सी मध्ये. दोनशेच्या वर फायली. डी मध्ये लग्नाचे फोटो आणि नातवाचे जुने गेम्स.

फायली मिळाल्या, पण उघडल्यावर अक्षरं सगळी इंग्रजी, कसलाही अर्थ नसलेली. वहिनींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा, हे अपेक्षित आहे.

याचं कारण असं. आज आपण फोनवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'म' हा सगळ्या जगात 'म'च. पण त्याआधी, आणि डीटीपीवाल्यांकडे त्यानंतरही बरीच वर्षं, कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे फॉन्ट असा कारभार होता. त्यात फायलीत साठलेली असतात इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर फायलीत ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढंच असतं. फॉन्ट असेल तर 'मराठी' दिसतं, फॉन्ट गेला तर ती पाच अक्षरं उरतात. आणि फॉन्ट होता विंडोजच्या पोटात, जो फॉरमॅटमध्ये जाणार होता. डी ड्राइव्ह शाबूत ठेवूनही माणसाचं लेखन असं जाऊ शकतं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे मराठी मंडळं आहेत, तिथल्या जुन्या संगणकांत स्मरणिका, सभासदांच्या याद्या, नाटकांच्या संहिता याच रूपात पडून असणार. इथे छत्तीसगडात तर हिंदी टाइपिंगमुळे कृतिदेव आजही दुकानादुकानात चालतो, म्हणून तो फॉन्ट सहज मिळतो. पण पुण्याहून आणलेल्या पॅकेजचा फॉन्ट रायपुरात कुठून आणणार?

म्हणून पहिलं काम: विंडोज फोल्डरातला अख्खा 'फॉन्ट्स' फोल्डर उचलून बॅकअपमध्ये टाका. निवडत बसू नका. दादांनी वापरलेले फॉन्ट 'श्री-देव' या नावाने सुरू होणारे निघाले. ते नव्या सिस्टिममध्ये बसवले आणि लिब्रे ऑफिसमध्ये फाइल उघडली. दादांचं मराठी पडद्यावर आलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'हे कुसुमताईंच्या घरचं गाणं, ह्यांनी तिसरं कडवं चुकवलंय.'

दुसरं काम युनिकोडमध्ये बदलून घेण्याचं. त्यासाठी मोफत कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्री-देवला चालवला तर सगळा चिवडा होतो. आणि योग्य कन्व्हर्टर घेतला तरी डोळे बंद करून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टांत अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. कन्व्हर्टर तिथे हमखास घसरतो. 'सर्व'चं 'सवर्' होतं. त्यामुळे बदललेला मजकूर माणसाने वाचायलाच हवा. वहिनी आणि मी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतो, त्या मोठ्याने वाचतात, मी दुरुस्त करतो. मूळ फाइल आणि फॉन्ट मात्र तसेच ठेवायचे, पुसायचे नाहीत. अकरा फायली पॅकेजच्या स्वतःच्या साच्यातल्या आहेत, त्या अजून उघडलेल्या नाहीत. काही जुन्या पॅकेजांना डोंगल लागायचा, संगणकाच्या मागे लावायचा छोटा ठोकळा. घरात असा ठोकळा दिसला तर फेकू नका, ज्या मशीनचा आहे त्याच्यासोबत बांधून ठेवा.

फॉन्टवर फार वेळ गेला. चला, आता मशीन उघडू.

प्लग काढा. कॅबिनेटचं झाकण काढा. रायपूरचा उन्हाळा आणि इथली धूळ ज्याला माहीत आहे त्याला आत काय दिसणार ते सांगायला नको. मऊ ब्रशने धूळ काढा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, भिरभिरू देऊ नका. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कपड्याने झटका, परत घट्ट बसवा. तुम्हाला हसू येईल, पण 'विंडोज खराब झालंय' म्हणून आलेल्या काही मशीन एवढ्यावर चालू झालेल्या मी बघितल्या आहेत.

मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२. दहा-बारा वर्षांनी ती मेलेली असणारच. ती गेली की प्रत्येक वेळी मशीन चालू केल्यावर तारीख मागे जाते, २००९ वगैरे. मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो, कारण त्याच्या लेखी त्या साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. लोक त्यावर उपाय म्हणून फॉरमॅट मारतात! किराणा दुकानातसुद्धा मिळणारी ती बॅटरी आधी बदला.

आता खरी शिफारस. जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारूच नका. नवी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, जुनी हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवा आणि नवी सिस्टिम एसएसडीवर टाका. दोन फायदे. एक, चुकून काही पुसलं जायची शक्यताच राहत नाही, कारण जुनी डिस्क जोडलेलीच नाही. इन्स्टॉल करताना पडद्यावर सी, डी अशी नावं दिसत नाहीत. 'ड्राइव्ह शून्य, पार्टिशन एक, पार्टिशन दोन' असं दिसतं, आणि घाईत भलतंच डिलीट होतं. दोन, जुना संगणक संथ वाटतो त्याचं सगळ्यात मोठं कारण ती फिरणारी हार्ड डिस्कच असते. रॅम चारची आठ केलीत तर उत्तम, पण पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर एसएसडी.

जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र तिच्यावर कसलेही प्रयोग नकोत. आधी जेवढं निघेल तेवढं उतरवून घ्या.

टाकायचं काय? इथे माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचं लागतं. आपला डबा त्यात बसत नाही. ही तपासणी चुकवून टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण तसं केलेल्या मशीनला अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि कोअर टू ड्युओवर तर २४एच२ ही आवृत्ती चालूच होत नाही, प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत. विंडोज १०साठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देताही मिळते. टॅली किंवा एखादं विंडोजशिवाय न चालणारं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर हा वर्षभराचा वेळ घ्या आणि दरम्यान नव्या मशीनची सोय बघा. तेवढं नसेल, नुसतं ब्राउझर, पत्रं, फोटो, व्हिडिओ कॉल असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. किमान दोन जीबी रॅम, चार असली तर आरामात. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. संरक्षण मंत्रालयाने स्वतःच्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली 'माया' आणल्याच्या बातम्या २०२३मध्ये तुम्ही वाचल्या असतील. मिंटही उबुंटूवरच उभं आहे. तेव्हा हे काही कॉलेजच्या पोरांचं खेळणं नाही.

एक गोष्ट करू नका. दोनशे रुपयांत 'फुल व्हर्जन' टाकून देणारा क्रॅक. तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन घरात शिरणारा माणूस कोण असतो, ते तुम्हीच ठरवा. ज्या मशीनवर विंडोज १० आधी रीतसर ॲक्टिव्हेट झालेलं आहे, त्याच मदरबोर्डवर ते परत टाकलं तर इंटरनेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, की लागत नाही. म्हणून पुसण्याआधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा.

प्रत्यक्ष कृती आता थोडक्यात. दुसऱ्या चालत्या संगणकावर अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा. 'रुफस' नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तोही रिकामा आहे का बघा. रुफस 'पार्टिशन स्कीम' विचारतं. २०१२च्या आधीच्या बहुतेक बोर्डांना एमबीआर लागतं, नंतरच्यांना जीपीटी. पेन ड्राइव्ह दिसलाच नाही तर दुसरा पर्याय घेऊन परत करा, काही बिघडत नाही. मशीन चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहायची: डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या बोर्डला एफ ८, गिगाबाइटला एफ १२. बायोसमध्ये गेलाच आहात तर साटाची सेटिंग 'आयडीई' असेल ती 'एएचसीआय' करा, आणि हे इन्स्टॉल करण्याआधीच करा. जुन्या डिस्कवरचं विंडोज परत चालवायचं झालं तर तेवढ्यापुरती ती पूर्ववत करावी लागेल, म्हणून डायरीत नोंद ठेवा.

मिंट पेन ड्राइव्हवरून चालू झालं की लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, तिथेच तपासा. प्रिंटरने दगा दिला तर आत्ता कळलेलं बरं. सगळं ठीक असेल तर इन्स्टॉल करा आणि वीस-तीस मिनिटं चहा घ्या. यूपीएस नसेल तर ज्या वेळी आपल्याकडे लाइट जाते ती वेळ टाळा.

नंतर अपडेट्स. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट मांडणी १९८६पासून सरकारी प्रमाण आहे, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे तीच चालते. एकदा शिकलात की मशीन बदलली तरी बोटांना फरक पडत नाही. मग जुने फॉन्ट बसवा आणि जुन्या मराठी फायली एकेक उघडून बघा. नुसतं फोल्डर कॉपी झालंय म्हणून समाधान मानू नका. चार्जमध्ये पेटी मोजत नाहीत, पेटी उघडून आतला माल मोजतात.

जुनी हार्ड डिस्क लगेच परत जोडून रिकामी करू नका. निदान सहा महिने राहू द्या. तिच्यावर कागद चिकटवा: कोणाच्या मशीनमधली, कोणत्या तारखेला काढली, आत काय आहे. अक्षर ठळक, शाई पक्की. डिस्क चंदेरी पिशवीत घाला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, खालच्यात ठेवलीत तर पावसाळ्यात ओल येते. बॅकअपची दुसरी प्रत दुसऱ्या घरी. वहिनींची दुसरी प्रत पुण्याला नातवाकडे गेली आहे, आणि त्याला फॉन्टसकट पाठवली आहे.